डावं लागतंय

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी शिकलो तेही यंत्रांचं. माणसांविषयी लिहायची मला सवय नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारायचंही राहून गेलं. पण ही गोष्ट तोंडानं सांगायला गेलो की माझी वाक्यं मध्येच थांबतात. म्हणून लिहून बघतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

मिस्त्रींना तुम्ही पाहिलं असतं, तर आधी त्यांचा तळहात पाहिला असता. गाडी दारात आली आणि मालक उतरून बोलायला लागला की मिस्त्री वाहतूक पोलिसासारखा उजवा हात वर करायचे.

"तुमी गप. आधी गाडीला बोलू द्या."

मग मालकाला परत आत बसवायचे. गाडी रस्त्यावरून सावकाश न्यायची आणि त्यांनी "मारा" म्हटलं की ब्रेक मारायचा. ते स्वतः कडेला उकिडवे बसायचे, मान कलती करून, डोळे मिटून. लेकराचा खोकला ऐकत आई बसते ना, अगदी तसे.

सांगलीत विश्रामबागेत माझी भाड्याची खोली होती, आणि समोर त्यांचं पत्र्याचं शेड. ते फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिनाला हात लावत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "चालवनारे लय हायत. मी थांबवनारा." साठीचे असतील. मूळचे साताऱ्याकडच्या औंधचे. दाढी पांढरी, आणि दिवसभर ब्रेकची धूळ बसून संध्याकाळपर्यंत पुन्हा काळी झालेली. आम्ही खोलीवरची मुलं त्यांना चाचा म्हणायचो. ते मला "इंजिनियर" म्हणायचे, मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हापासून. त्यात चेष्टा किती आणि माया किती, ते मला कधी कळलं नाही.

गाडीचे सगळे आवाज त्यांना तोंडानं काढता यायचे. मालकाला आवाज नीट सांगता आला नाही की हे तीन-चार प्रकार काढून दाखवायचे, "ह्यातला कुठला?" चांगले सुटाबुटातले साहेब रस्त्यात उभे राहून "खर्रर्र... नाही नाही, थोडा जाड" असं करताना मी पाहिलेत.

आवाजांचे त्यांनी दोन भाग केले होते. एक चिरकणं आणि दुसरं खरवडणं. "चिरकलं तर आठ दिवसांत या. खरवडलं तर येऊ नका. हाय तिथं थांबा, मीच येतो."

प्रत्येक आवाजाला घाबरवायचेही नाहीत. आमच्याच कॉलेजातले एक सर नवी गाडी घेऊन आले होते, रोज सकाळी खरखरते म्हणून. मिस्त्रींनी विचारलं, "काल धुतली व्हय?" धुतली होती. "पानी बसलं की चाकाच्या डिस्कला जरा गंज धरतो. चार बार ब्रेक मारा, जाईल." गेलाच. दुसऱ्या एकाची गाडी जोरात खरवडत होती, तो बिचारा घामाघूम झालेला. मिस्त्रींनी चाक काढलं, आत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हरभऱ्याएवढा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. सांभाळून ठेवा तुमचा बिघाड."

पण खरं खरवडणं असलं की हा माणूस बदलायचा. एकदा बँकेतल्या एक मॅडम आल्या. मिस्त्रींनी आवाज ऐकला, चाकाच्या फटीतून टॉर्च मारला आणि न बोलता किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मॅडमना मीटिंग होती. त्या चिडल्या, "अहो, माझी गाडी आहे ती!"

"व्हय ताई, गाडी तुमचीच. पन रस्ता सगळ्यांचा हाय."

आणि त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. मॅडम गेल्या रिक्षातून. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मिस्त्रींनी त्यांना ब्रेकचं जुनं पॅड दाखवलं. एका बाजूनं नुसती लोखंडी पट्टी उरली होती. त्यानंतर मॅडम नेमानं यायला लागल्या.

तसलंच एक झिजलेलं पॅड त्यांनी मला दिलं होतं. दुसऱ्या वर्षाला ब्रेकचं प्रकरण होतं आणि पुस्तकातली इंग्रजी वाक्यं मला चार-चार वेळा वाचावी लागायची. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन शेडच्या पायरीवर बसलो की ते विचारायचे, "काय म्हनतंय पुस्तक?" मी सांगायचो. ते मान हलवायचे, "बरोबर म्हनतंय," जणू पुस्तकच त्यांच्याकडं तपासायला आलंय. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळून धरतं, आणि त्याच्या कडेला पत्र्याचा एक बारीक तुकडा असतो. त्याला ते जीभ म्हणायचे. "पॅड संपत आलं की ही जीभ डिस्कला लागती आनि चिरकती. तवाच ऐकायचं. न्हाई ऐकलं, की मग लोखंडच लागतंय लोखंडाला. डिस्क खातं, पिस्टन बाहेर येतो, ऑईल गळतं. मग पाय खाली गेला तरी गाडी थांबत न्हाई."

हे मी मुद्दाम लिहिलं. मिस्त्रींच्या बोलण्यात "लागतंय" म्हणजे घासतंय, हे मला माहीत होतं. त्या पायरीवर बसून मी ते शिकलो होतो. हे मला कुणापासून लपवायचं नाही.

आता नानांविषयी सांगतो. नाना माझे चुलते. साताऱ्याच्या पलीकडं, मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव आहे. नाना फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी एक जुनी सात जणांची गाडी घेतली. गावात कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, की आधी नानांच्या दारात माणूस यायचा. मला सांगलीला आणून सोडलं तेही त्याच गाडीतून. मागं माझी गादी, स्टोव्ह आणि तांदळाचं पोतं होतं. त्या दिवशी मिस्त्रींनी नानांपुढंही तळहात धरला. नानांना असं गप्प करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पण नाना खूश झाले. जाताना म्हणाले, "ह्यो गडी फौजेत पायजे हुता." तेव्हापासून ब्रेकचं काही असलं की नाना साताऱ्यात न दाखवता सांगलीला यायचं निमित्त काढायचे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना एका शुक्रवारी ते असेच आले. बाजारात हळद बघायची होती. उतरल्या उतरल्या मिस्त्रींना म्हणाले, "ब्रेक मारला की गाडी उजवीकडं वढती. डावं ब्रेक लागत न्हाई. आनि खर्रर्र करतंय बगा." नानांच्या बोलण्यात, आमच्या सगळ्या गावाच्याच बोलण्यात, ब्रेक लागतंय म्हणजे ब्रेक धरतंय, चांगलं चालतंय.

गाडी ठेवून नाना रिक्षानं बाजारात गेले, किल्ली त्यांच्याच खिशात. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उतरवलं, आत पाहिलं, चाक परत चढवलं. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती, आणि नवीन पॅड आणायला सांगली शहरात जायचंच होतं. डोक्यावर टोपी, स्कूटर चालू. मी माझ्या दारात उभा होतो.

"इंजिनियर, नाना आलं तर सांग, डावं लागतंय. मी आलोच."

गेले.

नाना अर्ध्या तासात परत आले. हळद पसंत पडली नव्हती. "काय म्हनला मिस्त्री?"

मी म्हणालो, "डावं लागतंय म्हणाले."

"लागतंय न्हवं? मग झालं. पैसं पुडल्या खेपंला."

नाना गाडीत बसले आणि निघाले. "मी आलोच" हे मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? विसरलो, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत आलो. पण खरं तसं नाही. दुपारी माझ्या खोलीवर प्रोजेक्टचे तीन मित्र येणार होते. तिघंही शहरातले, इंग्रजी शाळेतले. नाना थांबले असते तर खोलीत कॉटवर बसले असते, तंबाखू मळत, मोठ्या आवाजात. त्यांनी माझ्या मित्रांना "तुमी कुठलं? जमीन किती?" असं विचारलं असतं. ते लवकर जावेत असं मला वाटत होतं. लागतंय म्हटल्यावर नाना काय समजले, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. कदाचित खरंच दुरुस्त झालं असेल, असंही मनाला समजावलं. माणूस किती पटकन समजावतो!

ज्या माणसानं मला गादीसकट उचलून शिकायला आणलं, त्याची मला तीन मुलांपुढं लाज वाटली. हे लिहिताना हात थांबतो.

मित्र आले. आम्ही प्रोजेक्टची चित्रं काढत बसलो. बाहेर स्कूटर थांबली, आणि मिस्त्रींची हाक आली. मी दारात गेलो. हातात पॅडचा नवा खोका घेऊन ते शेडपुढच्या रिकाम्या जागेत उभे होते.

"गाडी कुठं हाय रं?"

"नाना गेले."

"गेले? सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. डावं लागतंय म्हणून."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच स्वतःशीच म्हणाले, "लागतंय..." आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्या शब्दाचा दुसरा अर्थ आता त्यांनाही ऐकू आला.

त्यांनी नानांना फोन लावला. गाडी चालवताना नाना फोन बंद ठेवायचे, ती फौजेतली शिस्त. मी घरी फोन केला, पण गाडी वाटेत असताना घरचे काय करणार? मिस्त्रींनी खोका डिकीत टाकला आणि स्कूटर काढली. मोटारीला गाठायला हा म्हातारा स्कूटरवरून हायवेपर्यंत, पार पेठ नाक्याला गेला, वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवर गाडीचं वर्णन सांगत, विचारत. मी मित्रांबरोबर खोलीत होतो.

संध्याकाळी मेढ्याच्या पुढं, खिंड ओलांडून गावाकडच्या उतारावर नानांचा पाय खाली गेला आणि गाडी थांबली नाही. एका बाजूला दरी होती. नानांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून जीव वाचला. उजवा गुडघा पार फुटला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मेढ्याच्या स्टँडवर एक बाळंतीण आणि तिची आई गावाला यायला निघाल्या होत्या. नाना त्यांना घेणार होते, पण त्यांना आधीची एसटी मिळाली. हे मला नंतर कळलं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याच्या दवाखान्यात होतो. नानांनी मला विचारलं, "मिस्त्री काय म्हनला हुता, नीट सांग."

"लागतंय म्हणाले."

शब्दात चूक काढायला जागा नव्हती. वाटेत आवाज येत होता, गाडी ओढतही होती, नाना म्हणाले, पण नवीन पॅड सुरुवातीला दोन दिवस असंच करतंय असं वाटलं. मग त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि मिस्त्रींना लावला. जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. कामाबद्दल बोलले, धर्माबद्दलही एक वाक्य बोलले. शेजारच्या कॉटवरची माणसं ऐकत होती. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळं पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझंच चुकलं नाना. निम्मं बोललो मी. थांबून समोर सांगायला पायजे हुतं."

पोराकडं निरोप दिला होता, मी येतो म्हणून सांगितलं होतं, असं ते म्हणू शकले असते. मी कॉटच्या पायथ्याला उभा राहून त्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

सांगलीत परत आलो तेव्हा ते शेडमध्ये चाक खोलत होते. मला बघून पहिलं विचारलं, "नानांचा गुडगा कसा हाय?" दुसरं काहीही विचारलं नाही. सगळं खरं सांगायचं असं मी मनात जुळवून गेलो होतो. पण "बरा आहे" म्हणालो आणि खोलीत गेलो.

नाना गप्प बसणाऱ्यातले नव्हते. आमचे सांगलीतले पाहुणे, त्यांच्या ओळखीचे गाडीवाले, सगळ्यांपर्यंत गोष्ट गेली. मिस्त्रीनं म्हणे ब्रेक न करता गाडी सोडली. कुणी मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं. बँकेच्या मॅडम यायच्या बंद झाल्या. आमचे सर तेवढे येत राहिले.

मिस्त्री बदलले, ते मी समोरच्या दारातून बघत होतो. आता ते काम झालं नसेल त्या गाडीच्या काचेवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहायचे, "चालवू नका." गिऱ्हाइकाला एकच गोष्ट तीनदा सांगायचे आणि मग म्हणायचे, "काय सांगितलं मी? परत म्हना बरं." लोक हसायचे. एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, शाळा काढा आता." मिस्त्रीही हसले, पण त्याच्याकडून परत म्हणवून घेतलंच. आणि शुक्रवारी एखादं चाक उघडं असलं तर ते मशिदीत जाईनासे झाले. शेडच्या मागं चटई टाकून एकटेच नमाज पढायचे. जुम्मा चुकवू नये असं त्यांच्यात मानतात, हे मला माहीत होतं. दर शुक्रवारी दुपारी मी माझं दार लावून घ्यायला लागलो.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला सुट्टीवरून परतलो, तर शेड बंद. आठवडाभरानं पत्रे उतरवले. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "गेलं औंधला, लेकीकडं. कामच राहिलं न्हवतं. तुला इचारत हुतं, इंजिनियर कवा येतोय म्हनून."

औंध आमच्याच जिल्ह्यातलं. घरी जाता-येता वाट थोडी वाकडी केली असती तर जाता आलं असतं. मी वर्षभर गेलो नाही.

यंदा परीक्षा संपली. नोकरीचं पत्र आलं. घरात पेढे वाटले. नाना काठी टेकत अंगणात आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "आमचा इंजिनियर." तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मला तिथं बसवेना. लोक गेल्यावर भर दुपारी मी नानांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. "मी आलोच" हे दोन शब्द सांगितले. मित्रांचं सांगितलं. लाजेचंही सांगितलं.

नाना मारतील असं वाटलं होतं. त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"माजी लाज वाटली व्हय रं," एवढंच म्हणाले. मग, "वाटू दे. तुजं वय हुतं. पन त्या मानसाला मी काय काय बोललो... त्याच्या देवावरनं बोललो रं मी." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "लाव फोन. आत्ताच्या आत्ता लाव. आदी मी बोलतो, मग तू बोल."

मी नंबर लावला. नानांनी टोपी नीट केली, समोर माणूस बसलाय तशी, आणि फोनसाठी हात पुढं धरला. बऱ्याच वेळानं पलीकडं कुणीतरी उचललं. बाईचा आवाज होता.

"चाचा आहेत का?" मी विचारलं.

"अब्बा गेले हो," ती म्हणाली. "परवाच त्यांचा चाळिसावा दिवस झाला. तुमास्नी कळलं न्हाई?" मग तिनं सवयीनं विचारलं, "कोन बोलतंय? गाडीचं काय काम हुतं का?"

नाना हात तसाच पुढं धरून बसले होते. "दे की इकडं," ते म्हणत होते, "काय म्हनतोय मिस्त्री?"